वाळीत टाकलेल्या हातांची भाजी : आनंदवन आणि सुखाचा उगम

सुख कशातून येते, या प्रश्नाचे उत्तर सुखवस्तू माणसाच्या आयुष्यात शोधणे अवघड असते. तिथे पैसा, प्रकृती, प्रतिष्ठा, घरची माणसे आणि काम या गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळून गेलेल्या असतात की कुठल्या गोष्टीने काय दिले हे वेगळे काढता येत नाही. ज्यांच्याकडून यातले जवळजवळ सगळेच काढून घेतले गेले होते आणि पुढे त्यातल्या काही गोष्टी एका विशिष्ट क्रमाने परत आल्या, अशा माणसांचे प्रकरण या प्रश्नासाठी अधिक उपयोगी पडते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ 1951 साली सुरू झालेली आनंदवन ही कुष्ठरोग्यांची वसाहत हे तसे प्रकरण आहे. बाबा आमटे यांचे चरित्र मराठी वाचकाला ठाऊक असते, आणि बहुधा त्यामुळेच आनंदवनाकडे आपण एका थोर माणसाच्या त्यागाची कथा म्हणून पाहतो. या लेखात लक्ष त्यांच्याकडे कमी आणि तिथे राहायला आलेल्या माणसांकडे जास्त आहे. रोगाने आणि समाजाने मिळून ज्यांना संपवले होते, ती माणसे पुन्हा सुखी कशी झाली, आणि त्या सुखाचे श्रेय नेमके कशाला द्यायचे, एवढाच प्रश्न येथे विचारला आहे.

काय काय गेले होते

कुष्ठरोग माणसाकडून काय नेतो हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. या रोगाचा जंतू नॉर्वेतील वैद्य हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. तो शरीरात अतिशय संथपणे वाढतो, आणि बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. ज्यांच्यात ती नसते त्यांच्या त्वचेला आणि मज्जातंतूंना तो धरतो. बोटे झडतात ती रोगाने कुजून झडतात, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉल ब्रँड या शल्यविशारदाने काम सुरू केले, तेव्हा खरे कारण वेगळे असल्याचे स्पष्ट होत गेले. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे वेदना उरत नाही, आणि वेदना नसली की इजा कळत नाही. चुलीवरचे तापलेले भांडे उचलताना हात भाजतो, पण तो मागे घेतला जात नाही. तळपायात खडा रुतलेला असताना माणूस दिवसभर चालतो आणि संध्याकाळी पायाखाली रक्त दिसते तेव्हा त्याला जखम कळते. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडतात आणि जाग येत नाही, हेही ब्रँड यांनी नोंदवले आहे. अशा जखमांवर जखमा होत जाऊन बोटे आखूड होतात, पंजा वाकतो, पापण्या मिटेनाशा होतात आणि कधी दृष्टीही जाते.

हे झाले शरीराचे. विदर्भातल्या खेड्यात 1950 च्या सुमारास अंगावर चट्टा दिसला आणि ‘रक्तपिती’ हा शब्द गावात फुटला की पुढचा क्रम ठरलेला असे. आधी ताट वेगळे, मग खाट गोठ्यात, मग गावाबाहेर झोपडी, आणि शेवटी एखाद्या तीर्थक्षेत्राच्या पायऱ्या. कायदाही याच बाजूला होता. 1898 च्या कायद्याने भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला दिला होता. अशा माणसाच्या आयुष्यात दुःख होतेच, पण दुःखापेक्षाही जड अशी एक गोष्ट होती. त्याच्याकडून कोणालाही काही नको होते. त्याच्या हातचे पाणी नको, त्याने शिवलेले कापड नको, त्याच्या मुलीचे स्थळ नको. पायरीवर बसलेल्याच्या थाळीत नाणे टाकणारा हातसुद्धा ते वरून टाकत असे, म्हणजे थाळीला आणि हाताला स्पर्श होऊ नये. देणे चालू होते, घेणे पूर्ण थांबले होते. हा तपशील या प्रकरणाच्या मध्यभागी ठेवावा असे मला वाटते.

विदर्भात या माणसांची सेवा तोवर कोणी केलीच नव्हती असे समजणे अन्यायाचे होईल. मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले होते, सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत होते आणि अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले होते. आनंदवन या परंपरेतच जन्मले.

सुरुवात

मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांचा जन्म 1914 साली हिंगणघाटला एका जमीनदार घराण्यात झाला. ते वकील झाले आणि पुढे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्षही. सफाई कामगारांचे प्रश्न हाती घेतल्यावर त्यांचे काम प्रत्यक्ष कसे असते हे कळावे म्हणून त्यांनी मैल्याची टोपली स्वतः डोक्यावर घेतली. त्याच काळात पावसात गटाराकाठी पडलेला, हातापायाची बोटे झडलेला तुळशीराम नावाचा एक कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते घाबरून तिथून निघून गेले. इंग्रज शिपायांना एकट्याने आडवा गेलेला आणि गांधीजींनी ज्याला ‘अभय साधक’ म्हटले असा हा माणूस एका असहाय रोग्याला पाहून भ्याला, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. ते परत आले आणि तुळशीरामाची त्याच्या अखेरपर्यंत शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ते या रोगाचे शास्त्र शिकले, आणि प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या या जंतूच्या अभ्यासासाठी त्यांनी स्वतःचे शरीरही देऊ केले.

बाबांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की हे काम त्यांनी कोणाचे भले करण्यासाठी हाती घेतले नाही, स्वतःच्या आतले भय जिंकण्यासाठी घेतले. इतरांचे त्यात भले झाले तो त्याचा आनुषंगिक परिणाम. हे विनयाचे बोलणे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. आनंदवनात सुख ज्या वाटेने आले त्या वाटेचे पहिले पाऊल संस्थापकाच्या या कबुलीत दिसते. सुखी व्हायचे म्हणून कोणी तिथे काही सुरू केले नव्हते. हेतू दुसरीकडेच होता.

महारोगी सेवा समितीची स्थापना 1949 मध्ये झाली. सरकारने वरोऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर पन्नास एकर जमीन दिली, ती खडकाळ, झुडपांनी भरलेली, साप-विंचवांची आणि पाण्याचा थेंब नसलेली. बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, त्यांची दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि रोख चौदा रुपये, एवढ्या संसारावर 1951 मध्ये वसाहत सुरू झाली. त्या पहिल्या दिवसांचा विचार करताना साधनाताईंचे नाव बहुतेक वेळा एका वाक्यात उरकले जाते. जिथे शेजारी म्हणून फक्त जंगल आहे आणि डॉक्टरसुद्धा ज्याला हात लावायला कचरतात असा रोग झालेली माणसे आहेत, तिथे लहान वयाची मुले घेऊन एका बाईने चूल मांडली. पंक्तीत आपल्याबरोबर एक निरोगी कुटुंब जेवते आहे, त्या घरातली मुले आपल्या आसपास खेळत आहेत, हे त्या सहा जणांना रोज दिसत होते. कुठल्याही उपदेशाने जे झाले नसते ते या रोजच्या जेवणाने झाले असले पाहिजे.

विहीर

पहिले काम विहिरीचे होते. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि तिथला खडक पहारीला सहज दाद देत नाही. बधिर हातांनी पहार धरायची म्हणजे काय, हे जरा जवळून पाहावे लागते. निरोगी माणूस पहार किती घट्ट धरायची हे तळव्याच्या संवेदनेवरून नकळत ठरवतो. कुष्ठरोग्याला ती खूण मिळत नाही, त्यामुळे तो गरजेपेक्षा फार घट्ट धरतो, आणि कातडी सोलली तरी त्याला थांबण्याचा इशारा मिळत नाही. त्यासाठी मुठीला कापड गुंडाळावे लागते, वाकलेल्या पंज्यात ती बसेल अशी जाड करावी लागते, आणि काम झाल्यावर हात पाय डोळ्यांनी तपासण्याची सवय लावून घ्यावी लागते. जिथे वेदना राखण करत नाही तिथे डोळ्यांनी राखण करायची. असे हात खडक फोडत राहिले आणि पाणी लागले.

विहिरी इतर वसाहतींतही खणल्या गेल्या असतील. पण इथे पाणी लागल्यामुळे जे बदलले त्याचा विचार केला पाहिजे. काल ज्यांच्याविषयी गावाने ठरवले होते की हे हात काही करू शकत नाहीत, त्या हातांनी केलेली एक गोष्ट आता समोर होती आणि तिच्यावाचून चूल पेटणार नव्हती. कर्तृत्वाची जाणीव म्हणतात ती हीच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: स्वतःच्या इच्छेने वागता येणे, काहीतरी जमणे आणि कोणाशी तरी नाते असणे. विहिरीने यातली दुसरी गरज ठळकपणे भागवली. परंतु विहिरीपाशीच थांबले असते तर आनंदवन ही एक स्वावलंबी, पण बंद वसाहत राहिली असती. पाणी त्यांचे, तहान त्यांचीच.

बाजार

या प्रकरणातला खरा प्रसंग भाजीचा आहे. पाणी लागल्यावर जमिनीत ज्वारी आली, भाजीपाला आला, जनावरे वाढल्यावर दूधही आले, आणि खाऊन उरेल इतके झाले. ते वरोऱ्याच्या बाजारात नेले, तर गाव घेईना. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी कोण घेणार?

बाजारात भाजी घेण्याची आपली रीत आठवून पाहावी. गिऱ्हाईक वांगे हातात घेऊन उलटेपालटे करते, भेंडीचे टोक मोडून पाहते, जुडी नाकाशी नेते, मग भाव करते. हा सगळा स्पर्शाचा व्यवहार आहे. नाणे वरून टाकता येते, भाजी वरून घेता येत नाही. म्हणून थाळीत पैसे टाकायला तयार असलेले गाव भाजी घ्यायला तयार नव्हते, यात विसंगती काहीच नव्हती. दया दाखवायला स्पर्श लागत नव्हता आणि विकत घ्यायला लागत होता.

पुढे काय झाले ते आनंदवनाच्या इतिहासात असे सांगितले जाते. 1950 च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे वेगवेगळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहायला आले. त्यांनी रोग्यांच्या बरोबरीने गवंडीकाम केले, दवाखान्याच्या इमारती बांधल्या, आणि रोजचे जेवण तिथेच, तिथल्याच भाजीचे जेवले. हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले. परदेशी गोरी मुले हे अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, असे दिसल्यावर गावाची भीती हळूहळू ओसरली आणि भाजी-दूध विकले जाऊ लागले. आपल्याच माणसांवर विश्वास ठेवायला परक्यांची साक्ष लागावी हे मला आजही बोचते. पण त्या दिवशी तराजूच्या अलीकडे बसलेल्या माणसाला जे मिळाले त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. वर्षांनुवर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याकडून काहीतरी घेतले, निवडून घेतले, बहुधा भावावरून घासाघीसही केली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे सर्वांत महत्त्वाचे. दानाला पुन्हा येण्याची गरज नसते, गिऱ्हाइकाला असते.

त्यानंतर आनंदवनात उद्योग वाढत गेले. हातमाग, पत्र्याचे डबे, छपाई, चपला, सुतारकाम, बांधकाम असे एकेक काम तिथल्या माणसांच्या उरलेल्या क्षमतेला जुळवून घेत उभे राहिले. एकाचे हात गेले आहेत पण पाय धड आहेत, दुसऱ्याचे पाय गेले आहेत पण दृष्टी शाबूत आहे, अशा दोघांनी मिळून एक काम करायचे, ही तिथली नेहमीची रीत झाली. 1964 मध्ये तर गोष्ट एका वेगळ्याच टोकाला गेली. आनंदवनाच्या जमिनीवर, आनंदवनवासीयांच्या श्रमातून आनंदनिकेतन महाविद्यालय उभे राहिले, आणि ते वरोरा परिसरातल्या निरोगी मुलांसाठी होते. ज्या गावाने भाजी नाकारली होती त्या गावाच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी नागपूरची वाट धरावी लागू नये म्हणून वाळीत टाकलेल्यांनी कॉलेज बांधून दिले. आईबापांनी आपली मुले तिथे पाठवली. रोगी आणि गाव यांच्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे पूर्ण उलटे झाले होते.

सुख झाले हे कशावरून

इथे कोणीही हटकून विचारील की ही माणसे सुखी झाली हे कशावरून म्हणता. मी मोजमापाच्या तक्त्यांवर भिस्त ठेवत नाही, वर्तनावर ठेवतो. डॅप्सोनसारखी औषधे 1940 च्या दशकाच्या अखेरीस भारतात वापरात आली होती आणि 1980 च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने रोग ठरावीक मुदतीत पूर्ण बरा होऊ लागला. बरे झालेले अनेक जण आनंदवनातच राहिले. काहींना घरचे दार बंद होते हे खरे आहे, आणि तेवढ्यापुरता हा पुरावा अर्धा धरावा. पण ते राहिले ते काम करत राहिले, तिथे लग्ने केली, संसार मांडले, वाद्ये वाजवली. ‘स्वरानंदवन’ हा तिथल्या अपंग, अंध आणि रोगमुक्त कलाकारांचा वाद्यवृंद महाराष्ट्रभर फिरला आणि लोकांनी त्याचे कार्यक्रम तिकीट काढून पाहिले. मनातून मेलेला माणूस असे काही करत नाही.

आता या सुखाची इतर कारणे असू शकतात काय हे तपासले पाहिजे, नाहीतर आपण आपल्याला आवडणारे कारण पुढे करून मोकळे होऊ.

पहिले कारण सवयीचे. माणूस कशालाही सरावतो, दुःखालाही, असे म्हणतात आणि त्यासाठी 1978 मधला एक प्रसिद्ध अभ्यास दाखवला जातो. ब्रिकमन, कोट्स आणि जॅनॉफ-बुलमन या संशोधकांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेली 22 माणसे आणि अपघातात अर्धांग किंवा सर्वांग लुळे पडलेली 29 माणसे यांची सर्वसामान्यांशी तुलना केली. जिंकलेले लोक इतरांपेक्षा ठळकपणे सुखी आढळले नाहीत, उलट मित्राशी गप्पा मारणे, न्याहारी करणे अशा रोजच्या गोष्टींतून त्यांना कमी आनंद मिळत होता. या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मात्र लोक चुकीचा सांगतात. अपघातग्रस्त माणसे सर्वसामान्यांइतकीच सुखी होती असे त्यात आढळलेले नाही. ती कमीच सुखी होती, फक्त आपण कल्पना करतो तितकी दुःखी नव्हती. म्हणजे सवयीने दुःखाची धार बोथट होते, सुख उगवत नाही. आणि नुसत्या सवयीने काम भागले असते तर तीर्थक्षेत्राच्या पायरीवर वीस वर्षे बसलेल्या माणसालाही ते सुख मिळायला हवे होते. सरावाला त्याच्याकडे वेळ भरपूर होता.

दुसरे कारण सोबतीचे. समदुःखी माणसे एकत्र आली, एकमेकांना आधार झाला आणि त्यातून सुख आले, असे म्हणता येईल. सोबतीचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र इंग्रजी अमदानीतल्या कुष्ठाश्रमांतही समदुःखी माणसे एकत्रच राहत होती. फरक असा की तिथे त्यांना ठेवले होते, आणि त्यांच्या दिवसाचा हिशेब दुसरे कोणीतरी करत होते. सोबत हवीच, पण एकट्या सोबतीने ही उभारी आली असती असे त्या आश्रमांच्या इतिहासावरून वाटत नाही.

तिसरे कारण बाबांच्या व्यक्तिमत्त्वाचे, आणि ते सर्वांत वजनदार आहे. असा माणूस रोज समोर असेल तर कोणालाही बळ येईल. परंतु बाबा 1990 मध्ये नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले आणि जवळपास दहा वर्षे तिथेच राहिले. त्या काळात आनंदवनातले माग थांबले नाहीत, शेती थांबली नाही, शाळा-कॉलेज थांबले नाही. सुख एकाच माणसाच्या तेजावर पोसले गेले असते तर ते इतकी वर्षे टिकले नसते. अर्थात बाबांचे पुत्र डॉ. विकास आमटे आणि इतर कार्यकर्त्यांनी ते काम सांभाळले, म्हणून हा पुरावाही निखळ नाही, हे मान्य केले पाहिजे.

ही तीनही कारणे वजा केल्यावर जे उरते ते असे की आपल्या हातच्या गोष्टीची आपल्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला खरी गरज आहे, हा अनुभव या माणसांना परत मिळाला. यातला ‘खरी’ हा भाग सोडता येत नाही. मन रमावे म्हणून दिलेले काम आणि ज्यावाचून कोणाचे तरी अडेल असे काम यांतला फरक माणसाला लगेच कळतो, लहान मुलालाही कळतो. आनंदवनाने टोपल्या विणायला दिल्या आणि त्या दयेपोटी कोणी विकत घेतल्या, असे झाले असते तर थाळीतले नाणे फक्त टोपलीत आले असते. माल चोख असला पाहिजे, तो बाजारात इतर मालाशेजारी उभा राहिला पाहिजे, हा बाबांचा आग्रह म्हणूनच व्यापारी शिस्तीपुरता नव्हता. चोख मालच गरजेपोटी घेतला जातो.

जिथे हे उत्तर अपुरे पडते

या निष्कर्षाला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. सुखाचा उगम दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यात मानला, तर ज्याला काहीच करता येत नाही त्याचे काय? कुष्ठरोगाने दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दृष्टी गेलेली माणसे होती, आजही वार्धक्याने खिळलेली माणसे आहेत. श्रमाची प्रतिष्ठा गाणाऱ्या वसाहतीत अशा माणसाला आपण ओझे आहोत असे वाटण्याचा धोका इतर ठिकाणांहून जास्त असतो, कमी नसतो. ज्या समाजाने ‘तू निरुपयोगी आहेस’ म्हणून माणसाला बाहेर काढले, त्याला ‘नाही, मी उपयोगी आहे’ असे सिद्ध करून दाखवणे हा विजय आहे. पण माणसाची किंमत उपयोगावर ठरते, हे समाजाचेच मोजमाप त्यात नकळत मान्य होते. आनंदवनात वृद्धांसाठी ‘उत्तरायण’ उभे राहिले, लहान मुले त्यांच्या अवतीभवती राहिली, आणि ज्याचे हात चालत नाहीत त्याच्या अनुभवाची, गोष्टींची, नुसत्या असण्याची कोणाला तरी गरज राहील अशी रचना करण्याचा प्रयत्न झाला. गरजेचा अर्थ श्रमापेक्षा मोठा धरला तरच हा निष्कर्ष टिकतो. आईला अंथरुणाला खिळलेले मूल हवे असते ते त्याच्या कामासाठी नव्हे. पण असे हवेसे असणे बाजार देऊ शकत नाही, आणि वसाहतीची व्यवस्था ते सर्वांना सारखे देऊ शकेल याची खात्री नाही.

दुसरी मर्यादा बाहेरच्या समाजाची आहे. भाजी विकली गेली आणि कॉलेज भरले तरी बरे झालेल्या माणसाला त्याच्या गावाने परत बोलावले असे सहसा झाले नाही. 2005 च्या अखेरीस भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, म्हणजे रोग्यांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. तरी 1898 चा तो कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडावे लागले, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मिळण्याची तरतूद 2019 मध्ये निघाली. आनंदवनात सुख निर्माण झाले याचा अर्थ बाहेरच्यांचे देणे फिटले असा कोणी घेऊ नये. तिथल्या माणसांचे सुख त्यांनी कमावलेले आहे. त्यांना तिथे जावे लागले ही आपली चूक आहे, आणि पहिल्या गोष्टीने दुसरी पुसली जात नाही.

हीच मात्रा निरोगी माणसाला

मूल तालुक्यातल्या सोमनाथ येथे महारोगी सेवा समितीचा दुसरा प्रकल्प 1967 मध्ये सुरू झाला. तिथे दर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातून तरुण मुले-मुली येतात, ऐन उन्हात पहाटे उठून कुदळ-फावडे घेतात, बांध घालतात, दुपारी व्याख्याने ऐकतात, रात्री गाणी म्हणतात. या मुलांची स्थिती 1951 च्या त्या सहा जणांच्या नेमकी उलट आहे. प्रकृती आहे, घर आहे, शिक्षण आहे, पुढे नोकरीही आहे. नाही ते एवढेच की बहुतेकांच्या हातच्या कामाची अजून कोणाला गरज पडलेली नसते. पंधरा-वीस वर्षे त्यांनी घेतलेच आहे, परीक्षेपलीकडे कोणी त्यांच्याकडून काही मागितलेले नाही. छावणीत घातलेल्या बांधाला पावसाळ्यात पाणी अडते आणि ते कोणाच्या तरी शेताला मिळते, हे कळल्यावर या मुलांच्या चेहऱ्यावर जे येते ते पाहून अनेकांनी या छावणीला आयुष्याचे वळण म्हटले आहे.

तरीही आठवडाभराच्या छावणीची तुलना आनंदवनाच्या पहिल्या दहा वर्षांशी करता येणार नाही. छावणी संपली की मुले घरी जातात आणि बांध त्यांच्यावाचूनही तिथेच राहतो. भाजीवाल्याची गोष्ट वेगळी होती. तो दुसऱ्या दिवशी बाजारात आला नसता तर वरोऱ्याच्या कुठल्यातरी घरात त्या दिवशी भाजी कमी पडली असती, आणि हे त्याला माहीत होते. छावणीतून परतलेल्या तरुणाला आपल्या शहरात, आपल्या नोकरीत किंवा नोकरीबाहेर, अशी जागा शोधावी लागते जिथे त्याच्या न येण्याने कोणाचे तरी खरोखर अडेल. ती जागा छावणी त्याला देऊ शकत नाही, आणि ज्यांना ती सापडली नाही त्यांचा उत्साह काही महिन्यांत ओसरतो.